प्रतिकारशक्तीचा वारसा : ग्वाल्हेर भागातील सहरिया जमात आणि क्षयरोग

ग्वाल्हेर हे नाव मराठी वाचकाला शिंदेशाहीमुळे परिचित आहे. लष्कर भागातील जुनी मराठी घरे, शिवपुरी येथील माधवराव शिंदे यांची छत्री, १९४६ मध्ये सुरू झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६४ मध्ये स्थापन झालेले जिवाजी विद्यापीठ ही सारी त्या जुन्या संबंधाची चिन्हे होत. परंतु याच ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येस, शिवपुरी आणि श्योपूर जिल्ह्यांच्या खडकाळ रानात राहणारी सहरिया ही आदिम जमात मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र तिचे नाव चांगलेच परिचित झाले आहे, आणि त्याचे कारण दुःखद आहे. क्षयरोगाचे जे प्रमाण या जमातीत आढळते, ते देशात अन्यत्र क्वचितच आढळत असेल.

२०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात सहरियांची संख्या सहा लाखांच्या घरात आहे. लगतच्या राजस्थानातील बारां जिल्ह्यातही त्यांची वस्ती आहे. गावाच्या कडेला त्यांची स्वतंत्र वस्ती असते. तिला ‘सहराना’ म्हणतात. डिंक, मोह, चारोळी, तेंदूपाने अशी रानातील उपज गोळा करावी, हंगामात शेतमजुरी करावी, काहींनी दगडाच्या खाणींत कामास जावे, असा त्यांचा चरितार्थ चालतो. घरे लहान, बहुधा एका खोलीची. चूल त्याच खोलीत, निजणेही त्याच खोलीत. वारा व उजेड येण्यास दाराखेरीज दुसरी वाट नाही.

या जमातीत क्षयाचे प्रमाण मोठे आहे हे प्रथम वैद्यांच्या अनुभवावरून जाणवले व पुढे पाहण्यांतून सिद्ध झाले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १५ वर्षांवरील दर हजार सहरियांमागे सुमारे १३ जणांना फुफ्फुसाचा क्षय असल्याचे आढळले. श्योपूर जिल्ह्यातील दुसऱ्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तीत हेच प्रमाण लाखी १,५१८ निघाले. म्हणजे ज्या वस्तीत दोनशे प्रौढ माणसे आहेत, त्या वस्तीत कोणत्याही दिवशी तीन जण क्षयाने खोकत आहेत असे समजावे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील लोकसंख्येत हे प्रमाण लाखी ३१६ होते.

या आकड्यांत एक आकडा विशेष विचार करण्याजोगा आहे. मध्य प्रदेशातील एकंदर आदिवासी लोकसंख्येची जी पाहणी झाली, तीत क्षयाचे प्रमाण लाखी ३८७ आढळले. गोंड, भिल्ल, कोरकू या जमातीही दरिद्रीच आहेत. त्यांचीही घरे लहान व अन्न अपुरे आहे. मग त्यांच्या जवळजवळ चौपट क्षय एकट्या सहरियांतच का असावा? केवळ दारिद्र्य हे उत्तर येथे अपुरे पडते की काय, अशी शंका अभ्यासकांना आली. त्या शंकेतूनच ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात या जमातीच्या रक्ताचा, नेमके सांगावयाचे तर तिच्या प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा, अभ्यास सुरू झाला.

त्या अभ्यासात काय आढळले हे पाहण्यापूर्वी प्रतिकारशक्ती वारशाने मिळते म्हणजे काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जंतू सर्वांच्या, आजार काहींचा

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये दाखवून दिला. त्यानंतर क्षय हा संसर्गजन्य रोग आहे, वारशाचा नाही, हे जगाने मान्य केले. ते योग्यच होते. परंतु एक गोष्ट डॉक्टरांना तेव्हापासून खटकत राहिली. एकाच घरात, एकाच रोग्याच्या सहवासात राहणाऱ्या पाच जणांपैकी एखाद्यालाच क्षय होतो. उरलेले चौघे आयुष्यभर धडधाकट राहतात. आज आपल्याला माहीत आहे की ज्यांच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरले आहेत अशा दहा जणांपैकी नऊ जण कधीही आजारी पडत नाहीत. जंतू त्यांच्या फुफ्फुसात मरतात किंवा निद्रिस्त पडून राहतात.

१९३० साली जर्मनीतील ल्यूबेक शहरी एक भयंकर दुर्घटना घडली. सुमारे अडीचशे नवजात अर्भकांना बी. सी. जी. लस देण्यात आली. प्रयोगशाळेतील चुकीमुळे त्या लसीत खरे, घातक क्षयजंतू मिसळले गेले होते. सत्तरांहून अधिक बालके दगावली. परंतु उरलेली, म्हणजे बहुसंख्य बालके, आजारी पडूनही पुढे बरी झाली. आणि त्या काळी क्षयावर कोणतेही औषध उपलब्ध नव्हते. प्रत्येक बालकाच्या पोटात गेलेल्या जंतूंची संख्या सारखी नव्हती, हे पुढे लक्षात आले. तो फरक मोठाच होता. तथापि केवळ त्या फरकाने सारा उलगडा होत नाही. बालकागणिक शरीराचा प्रतिकार निराळा होता, हे मानावेच लागते.

पुढे १९४३ मध्ये न्यूयॉर्क येथे जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हुबेहूब सारख्या जुळ्यांपैकी एकास क्षय असेल तर दुसऱ्यासही तो असण्याचे प्रमाण, न सारख्या जुळ्यांपेक्षा कितीतरी अधिक दिसले. नंतरच्या संशोधकांनी या निष्कर्षांची फेरतपासणी केली. सारखी जुळी एकमेकांच्या अधिक सहवासात राहतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि वारशाचा वाटा प्रथम वाटला त्याहून कमी ठरवला. परंतु तो शून्य ठरला नाही.

सुपातील दाणे

शरीराची प्रतिकारव्यवस्था चालते कशी? बाजाराच्या दिवशी धान्याचा व्यापारी पोत्यातील मूठभर दाणे सुपात काढून गिऱ्हाइकापुढे मांडतो. जाणता गिऱ्हाईक पोते रिकामे करून पाहत नाही. सुपातील दाण्यांवरून आतील माल ओळखतो. आपल्या शरीरातील पेशीही असेच करतात. पेशीच्या आत जी प्रथिने असतात त्यांचे बारीक तुकडे होतात. हे तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर, एका विशिष्ट प्रथिनाच्या खोबणीत बसवून, बाहेर मांडून ठेवते. रक्तातून फिरणाऱ्या टी-पेशी हे मांडलेले नमुने सतत तपासत असतात. तुकडा घरचा असेल तर त्या पुढे जातात. तुकडा जंतूचा असेल तर त्या थांबतात आणि लढ्याची सूचना देतात.

ज्या प्रथिनाच्या खोबणीत हा नमुना मांडला जातो, त्याला शास्त्रज्ञ एच. एल. ए. असे नाव देतात. तेच आपल्या दाखल्यातील सूप होय. ही प्रथिने घडविणारी जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांस लागून असतात. त्यांतील ए, बी, सी आणि डी. आर., डी. क्यू., डी. पी. ही प्रमुख होत. १९५८ मध्ये पॅरिस येथे जाँ दोसे यांनी यांपैकी पहिल्या प्रकाराची ओळख पटविली. त्याबद्दल त्यांना १९८० मध्ये जॉर्ज स्नेल व बारूख बेनासेराफ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. टी-पेशी केवळ जंतूचा तुकडा ओळखत नाही, तर तो तुकडा आणि त्याखालील सूप या दोहोंना एकत्र ओळखते, हे रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियात १९७४ च्या सुमारास दाखवून दिले. त्यांनाही १९९६ मध्ये हाच सन्मान लाभला.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक माणसाच्या सुपाची वीण सारखी नसते. या जनुकांचे तीस हजारांहून अधिक निरनिराळे प्रकार जगात आजवर नोंदले गेले आहेत. मानवाच्या जनुकांत इतकी विविधता अन्यत्र कोठेही नाही. प्रत्येकाला एक संच आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही दोन्ही संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. मूत्रपिंडाच्या किंवा अस्थिमज्जेच्या रोपणाच्या वेळी रुग्णालयात भावंडांचे रक्त तपासतात, ते याच जुळणीसाठी.

एखाद्या सुपात बाजरीचा दाणा राहतो पण राळ्याचा गळून पडतो, दुसऱ्यात उलट घडते. त्याचप्रमाणे एका एच. एल. ए. प्रकाराच्या खोबणीत क्षयजंतूचा एखादा महत्त्वाचा तुकडा घट्ट बसतो, तर दुसऱ्याच्या खोबणीत तो बसतच नाही. जो नमुना मांडलाच गेला नाही तो टी-पेशीला दिसत नाही. ज्यांच्याजवळ निरनिराळ्या विणीची सुपे आहेत, त्यांच्या नजरेतून फार थोडे निसटते.

क्षयाच्या बाबतीत ही मांडणी विशेष महत्त्वाची ठरते. हा जंतू मोठा हिकमती आहे. शरीरातील महाभक्षी पेशी त्याला गिळतात. परंतु तो त्यांच्या पोटात मरत नाही, तेथेच घर करतो. त्याला गिळणारी पेशी जेव्हा त्याचे तुकडे बाहेर मांडते व टी-पेशी ते ओळखून गॅमा इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते, तेव्हाच त्या महाभक्षी पेशीला बळ येते आणि ती पोटातील जंतूला मारू शकते. हे द्रव्य ज्या ग्राहकावर बसते त्याचेच जनुक जन्मतः सदोष असलेली काही बालके १९९६ मध्ये आढळली. इतरांना निरुपद्रवी असणारे जंतूही त्या बालकांना घातक ठरत होते. एड्समध्ये या टी-पेशीच नष्ट होतात. म्हणूनच एड्सच्या रोग्याला क्षय लवकर गाठतो.

मात्र अमुक प्रकार ‘चांगला’ व तमुक ‘वाईट’ अशी सरसकट विभागणी येथे करता येत नाही. एच. एल. ए. बी २७ हा प्रकार असणाऱ्यांत पाठीचा कणा ताठ होणारा संधिरोग अधिक आढळतो, हे १९७३ मध्ये समजले. परंतु हा प्रकार असलेल्या शंभरांपैकी फार तर पाच जणांना तो रोग होतो. उरलेल्यांना आपल्याजवळ असे काही आहे याची वार्ताही नसते. बी ५७ हा प्रकार असलेल्यांत एड्सचा विषाणू हळू वाढतो. परंतु त्याच कुळातील एक उपप्रकार असलेल्यांना एड्सवरचेच एक औषध धोकादायक ठरते. जी दक्षता एका शत्रूला रोखते, तीच कधीकधी घरच्यावरही उलटते.

ग्वाल्हेरचा अभ्यास

भारतात क्षय व एच. एल. ए. यांच्या संबंधाचा अभ्यास १९८० नंतरच्या काळात दिल्ली व मदुराई येथील संशोधकांनी सुरू केला. फुफ्फुसाच्या क्षयाच्या रोग्यांत डी. आर. २ हा प्रकार (त्याच्या मोठ्या पोटगटाला आता डी. आर. १५ म्हणतात) निरोगी माणसांपेक्षा अधिक वेळा आढळतो, असे दोन्ही ठिकाणी दिसून आले. कुष्ठरोगाच्या रोग्यांतही हाच प्रकार अधिक आढळला. कुष्ठाचा व क्षयाचा जंतू एकाच कुळातील आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. २०१६ मध्ये आइसलँड या दूरच्या देशातील हजारो लोकांच्या जनुकांची छाननी झाली, तेव्हाही क्षयाशी संबंध असलेल्या जागा याच डी. आर.-डी. क्यू. भागात सापडल्या.

सहरियांच्या बाबतीत जिवाजी विद्यापीठाच्या संशोधकांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या सहकार्याने क्षयाचे रोगी व निरोगी सहरिया यांच्या एच. एल. ए. प्रकारांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काही प्रकार रोग्यांत अधिक व काही निरोग्यांत अधिक आढळले, म्हणजे या जनुकांचा क्षयाशी संबंध दिसून आला. त्याआधी, २०१२ मध्ये, याच विद्यापीठातून आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. संसर्गाच्या जागी लढाऊ पेशींना बोलावून आणणारे संदेश घडविणाऱ्या जनुकांची तपासणी त्यात केलेली होती.

लहान जमातीत हा प्रश्न का तीव्र होतो, याचे कारण तिच्या इतिहासात शोधावे लागते. सहरियांचे विवाह आपल्याच जमातीत, परंतु गोत्राबाहेर होतात. शेकडो वर्षे एखादा समाज मर्यादित घरांतूनच सोयरीक करीत राहिला, तर त्यात फिरणाऱ्या एच. एल. ए. प्रकारांची संख्या मोठ्या समाजापेक्षा कमी राहू शकते. पन्नास विणींच्या सुपांऐवजी दहाच विणींची सुपे साऱ्या गावात असावीत, तशी ही स्थिती असते. जो दाणा या दहांतूनही निसटतो, तो मग एकाच घरात नव्हे तर साऱ्या वस्तीत निसटतो. अर्थात हा दोष कोणाच्या ‘रक्ताचा’ नव्हे. आपल्याकडील अनेक उच्चवर्णीय पोटजातीही शतकानुशतके आपसांतच विवाह करीत आल्या आहेत, आणि त्यांच्यातही काही आनुवंशिक आजार याच कारणाने अधिक आढळतात. त्यांच्याविषयी कोणी ‘रक्तच कच्चे’ असे म्हणत नाही. आदिवासींच्या संदर्भात मात्र हे शब्द कचेऱ्यांच्या ओसरीवर आजही ऐकू येतात.

ग्वाल्हेरच्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष ‘संबंध’ या शब्दापुरताच मर्यादित आहे, हेही स्पष्ट केले पाहिजे. ज्याच्याजवळ तो प्रकार आहे त्याला क्षय होईलच, असे त्याचा अर्थ सांगत नाही. ज्याच्याजवळ नाही तो सुरक्षित आहे, असेही नाही. क्षयाच्या बाबतीत आजवर सापडलेल्या प्रत्येक जनुकाचा परिणाम, एकेकटा घेतला तर, अल्पच आहे. काट्याच्या पारड्यात टाकलेल्या एखाद्या लहान वजनासारखा तो आहे. पारडे झुकण्यासाठी दुसऱ्या बाजूलाही काही असावे लागते.

सत्तर वर्षांत जनुके बदलत नाहीत

दुसऱ्या बाजूला काय असते याचा पुरावा इंग्लंडच्या मृत्युनोंदींत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात क्षयाने फार माणसे मरत. पुढील आठ-नऊ दशकांत हे प्रमाण सतत घटत गेले आणि स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले परिणामकारक औषध १९४३ मध्ये हाती आले तोपर्यंत त्याचा फार मोठा भाग नाहीसा झालेला होता. तीन-चार पिढ्यांच्या एवढ्याशा काळात एखाद्या राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. बदलले ते अन्न, घरे, मजुरी व रोग्यांची वेगळी व्यवस्था.

ग्वाल्हेर जिल्ह्यातही अशीच चौकशी झाली आहे. सहरियांपैकी क्षयाचे रोगी व क्षय नसलेले त्यांचेच शेजारी यांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचीही जमात एक, सहराना एक. तरीही कमी वजन, धूम्रपान आणि मद्यपान या गोष्टी रोग्यांत अधिक आढळल्या. याच्या जोडीला खाणीतील दगडाची धूळ आहे. या धुळीने फुफ्फुसे निबर झाली की त्यांत क्षय सहज शिरतो, हे सर्वत्र सिद्ध झालेले आहे. रानातील उपजीविकाही आकसत गेली आहे. कूनोच्या जंगलात सिंह आणण्याच्या योजनेसाठी १९९८ नंतरच्या काही वर्षांत तेथील सुमारे दोन डझन गावे हलविण्यात आली; त्यांत सहरियांची घरे मोठ्या प्रमाणात होती. (सिंह आले नाहीत, २०२२ मध्ये त्याच जंगलात आफ्रिकेतील चित्ते आले.) रानाच्या कंदमुळांवर व फळांवर ज्यांच्या आहाराचा एक हिस्सा अवलंबून होता, त्यांच्या ताटातून तो हिस्सा गेला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘जनुके की दारिद्र्य?’ असा प्रश्न जणू दोन निरनिराळ्या गोष्टींत निवड करावयाची आहे अशा रीतीने विचारला जातो. वस्तुतः या दोन्ही गोष्टी एकाच पेशीत येऊन मिळतात. माणूस दीर्घकाळ अर्धपोटी राहिला की टी-पेशी जेथे तयार होतात ती छातीतील ग्रंथी आक्रसते, टी-पेशींची संख्या घटते आणि त्यांनी सोडावयाच्या गॅमा इंटरफेरॉनचे प्रमाणही कमी होते. सूप उत्तम विणीचे असून उपयोग काय, जर दाणे पारखणारा भुकेने निजलेला असेल? उलटपक्षी ज्याच्या सुपाची वीण या जंतूला फारशी अनुकूल नाही, त्याला तर पारखणारे अधिक संख्येने व अधिक जागे हवेत. वारशाने ज्याला कमी मिळाले आहे त्याला अन्नाची गरज इतरांहून अधिक असते. सहरियांची जनुके आणि सहरियांचे ताट यांचा एकत्रित विचार केला तर लाखी १,५१८ या आकड्याचे गूढ बरेचसे उकलते.

दहा किलो शिधा

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. चार जिल्ह्यांतील क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात समावेश होता. सर्व रोग्यांना औषधांबरोबर दरमहा दहा किलो कोरडा शिधा देण्यात आला. त्यात तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी व तेल यांचा समावेश होता. निम्म्या घरांत मात्र रोग्याखेरीज इतर माणसांनाही, माणशी दरमहा पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ, तसेच जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. या घरांतील माणसांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण दुसऱ्या घरांच्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले. फुफ्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण तर जवळजवळ निम्म्यावर आले. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या माणसांची जनुके कोणी तपासली नव्हती. तांदूळ व डाळ यांचा परिणाम व्हावा म्हणून ती तपासण्याची गरजही नव्हती.

मध्य प्रदेश शासनाने डिसेंबर २०१७ पासून सहरिया, बैगा व भारिया या तीन जमातींच्या कुटुंबांतील स्त्रियांना पोषक आहारासाठी दरमहा १,००० रुपये देण्यास प्रारंभ केला. क्षयरोग्याला उपचाराच्या काळात आहारासाठी रक्कम देण्याची केंद्राची योजना एप्रिल २०१८ पासून अमलात आली. आरंभी ती दरमहा ५०० रुपये होती व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली. या रकमा खात्यावर जमा होतात. परंतु सहरिया कुटुंब हंगामात मजुरीसाठी चंबळपार गेले की औषधाची मात्राही चुकते व बँकेचे खातेही दूर राहते. स्थानिक कर्मचाऱ्यांपुढील खरी अडचण ही आहे, आणि तिचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणारे नाही.

मग जनुकांचा अभ्यास कशासाठी करावयाचा, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर लसीत आहे. बी. सी. जी. लस लहान मुलांना घातक क्षयापासून वाचविते. प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर मात्र तिचा भरवसा नाही. तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ पासून झालेल्या प्रचंड चाचणीने हे स्पष्ट केले होते. नवी लस तयार करावयाची तर जंतूचे जे तुकडे तीत घालावयाचे, ते आपल्या लोकांच्या सुपात बसणारे असले पाहिजेत. केवळ युरोपातील माणसांच्या एच. एल. ए. प्रकारांवर आखलेली लस श्योपूरच्या रानात तितकीच उपयोगी पडेल, असे गृहीत धरता येणार नाही. सहरियांचे प्रकार नोंदले गेले नसते तर लस आखणाऱ्यांच्या हिशेबात ही जमात आलीच नसती. दुसरे उत्तर असे की ज्या वस्तीत वारशाचा धोका अधिक आहे तेथे रोग्याची वाट न पाहता घरोघर शोध घेणे, आणि घरातील इतरांना प्रतिबंधक औषध देणे, शासनाला अधिक ठामपणे समर्थनीय ठरते.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती आदिम म्हणून गणल्या जातात. त्याही लहान आहेत, आपसांतच सोयरीक करणाऱ्या आहेत, आणि त्यांचेही आहारमान बेताचे आहे. सहरियांचे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू करणे चुकीचे होईल. परंतु या जमातींच्या पाड्यांवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकेला, आश्रमशाळेच्या शिक्षकाला व ग्रामसेवकाला ग्वाल्हेरचा अनुभव ठाऊक असणे उपयोगाचे आहे. दोन आठवड्यांहून अधिक दिवस खोकला असलेल्या माणसाच्या बेडक्याची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत विनामूल्य होते. औषधेही विनामूल्य असून साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. वर्गात आनुवंशिकतेचा पाठ शिकविताना शिक्षकांनी केसांचा रंग व डोळ्यांचा रंग यांच्या जोडीला रक्तातील या सुपांचाही दाखला द्यावा. मात्र त्या वेळी ‘अमक्या जातीचे रक्त दुबळे’ असे वाक्य वर्गात उमटणार नाही, याची खबरदारी घ्यावी. क्षय झालेल्या मुलीचे लग्न मोडण्यास पूर्वी ‘घराण्यात क्षय आहे’ एवढे बोलणे पुरेसे होत असे. जनुकांच्या अर्धवट माहितीने त्या जुन्या बोलण्याला नवा आधार मिळता कामा नये.

झारखंडच्या प्रयोगातील आणखी एक निरीक्षण आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त आहे. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्याचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्याच्या मृत्यूचा धोका निम्म्याहूनही अधिक घटला. चाळीस किलो वजनाच्या मजुराच्या बाबतीत ही वाढ दोन किलोची होते. ती मोजण्यास जनुकशास्त्राची प्रयोगशाळा लागत नाही. उपकेंद्रातील वजनकाटा चालू स्थितीत असावा लागतो, आणि रोग्याच्या कार्डावर दर महिन्याला वजनाचा रकाना भरलेला असावा लागतो.